मत आधी, रेष नंतर

एका मराठी दैनिकात मी हयातभर राजकीय व्यंगचित्रं काढली. या अंकातली वाचकांच्या प्रश्नांची पानं संपादकांनी माझ्याकडे सोपवली आहेत. मुंबईतून आणि बाहेरूनही पुष्कळ पत्रं आली. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले. जिथे मनापासून सांगण्यासारखं आहे तिथे सविस्तर लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

मी बँकेतून निवृत्त झालो. सकाळच्या लोकलमध्ये आधी पहिल्या पानावरचं तुमचं चित्र आणि मग बातम्या, अशी आमच्या ग्रुपची सवय होती. रोज नवा विषय, तोही संध्याकाळच्या आत, हे जमायचं कसं? (एक वाचक, ठाणे)

विषय शोधावा लागत नाही, तो पेपरात असतोच. त्या विषयावर आपलं म्हणणं काय, हे ठरवण्यात दिवस जातो. वाचनाला मी सकाळीच बसायचो आणि आतली पानं आधी उघडायचो. महापालिकेच्या स्थायी समितीत काय मंजूर झालं, मंत्रिमंडळाच्या बैठकीतला कुठला निर्णय बातमीच्या शेवटच्या ओळीत ढकलला गेला, बदली झालेला अधिकारी आधी कुठल्या फायलीवर काम करत होता, हे सगळं आतच सापडतं. दुपारी संपादकांच्या खोलीत बैठक व्हायची. अग्रलेख कशावर हे तिथे ठरायचं. चित्र त्याच विषयावर हवं अशी सक्ती आमच्याकडे नव्हती, आणि कुठेच नसावी असं माझं मत आहे. अग्रलेखाला दोन्ही बाजू मांडून शेवटच्या परिच्छेदात आपल्या मताशी येता येतं. चित्राला ती मुभा नाही. वाचकाची नजर त्यावर काही सेकंदच ठरते, तेवढ्यात बाजू कळायला हवी.

एक उदाहरण देतो. मुंबईत पाणीकपात जाहीर झाली की कोरडा नळ आणि हंड्यांची रांग हे चित्र हाताला आपोआप येतं. पण त्यातून वाचकाला नवीन काय मिळतं? पाणी कमी आहे हे त्याला घरच्या नळानेच सांगितलेलं असतं. म्हणून मी स्वतःला विचारायचो, हे पाणी येतं कुठून? तुळशी आणि विहार सोडले तर आपले सगळे मोठे तलाव शहराबाहेर आहेत. तानसा, भातसा, वैतरणा. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईची तहान भागते, तिथल्याच कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे लक्षात आलं की चित्र बदलतं. डोक्याएवढ्या उंचीची जलवाहिनी, तिच्या सावलीत रिकामा हंडा घेऊन बसलेली बाई, आणि जलवाहिनीवर चिकटवलेली नोटीस : 'मुंबईकरांनो, पाणी जपून वापरा.' मी असं चित्र काढलं होतं. नोटीस महापालिकेची, शब्दही तिचेच. बाईला तिच्याखाली बसवणं एवढंच माझं काम होतं.

एकदा हे ठरलं की पुढचं हाताचं काम. रफ पेन्सिलीने, तेही निळ्या, कारण ब्लॉकच्या काळात कॅमेऱ्याला निळी रेष दिसत नसे आणि खोडायचा वेळ वाचायचा. छपाईत जेवढं येणार त्याच्या दीडपट मोठं काढायचं. सेबलच्या केसांचा तीन नंबरचा ब्रश, वॉटरप्रूफ काळी शाई, चुकलेल्या जागी पोस्टर व्हाइट. मग शिपाई ते चित्र ब्लॉक खात्यात नेई. तिथे जस्ताच्या पत्र्यावर निगेटिव्ह उतरवून अॅसिडने कोरून काढत, तेव्हा कुठे पानात बसवायला ब्लॉक तयार होई. आमचा न्यूजप्रिंट शाई पसरवणारा. जवळजवळ मारलेल्या बारीक रेघा छापून आल्या की सरसकट काळा डाग दिसे. म्हणून दोन रेघांमध्ये श्वास घ्यायला जागा ठेवायची सवय लागली. ऑफसेट छपाई आली, स्कॅनर आला, आता तरुण मुलं टॅबलेटवर काढतात, पण ती मोकळी जागा माझ्या हातातून गेली नाही.

आणि घड्याळ. डाक आवृत्ती लवकर सुटायची, कारण तिला बाहेरगावच्या गाड्या गाठायच्या असत. संध्याकाळी काढलेलं चित्र दुसऱ्या दिवशी दुपारी सावंतवाडीत उघडलं जायचं. मधल्या वेळात एखादा मंत्री राजीनामा देऊन मोकळा व्हायचा. म्हणून 'आज काय झालं' यापेक्षा 'हे का चाललंय' यावर चित्र बेतायचं. घटना रात्रीत बदलते, कारण सहसा बदलत नाही.

काका, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं ड्रॉइंग बरं आहे, पण मला विनोद सुचत नाहीत. मला पेपरात व्यंगचित्रकार व्हायचंय. जमेल का? या क्षेत्रात मुली आहेत का? (एक विद्यार्थिनी, नालासोपारा)

जमेल. विनोद सुचत नाही याची काळजी आत्ता करू नकोस. शि. द. फडणीसांचं एखादं हास्यचित्र बघ : शब्द नाहीत, कुणाला टोमणा नाही, माणसाच्या वागण्यातली गंमत नेमकी टिपलेली. ती एक फार मोठी कला आहे. तू ज्या वाटेबद्दल विचारते आहेस ती वेगळी. तिथे हसू आलं तर उत्तम, पण आधी राग यावा लागतो, आणि रागाला पुरावा लागतो. तेव्हा आधी वाच. मराठी आणि इंग्रजी असे दोन पेपर रोज, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. वसई-विरार महापालिकेचा अर्थसंकल्प मिळव आणि तुझ्या रस्त्याच्या नावापुढे काय लिहिलंय ते शोध. तुझं पहिलं चांगलं चित्र बहुधा तिथूनच निघेल.

हातासाठी लोकलसारखी शाळा नाही. तू रोज प्रवास करत असशील. चेहऱ्यांच्या मागे लागू नकोस, पाठी काढ. दांडीला लोंबकळणाऱ्या बाईची पाठ, चौथ्या सीटवर अर्धं टेकलेल्या माणसाची पाठ, दरवाजात उभं राहून फोनवर साहेबाशी बोलणाऱ्याची पाठ. पाठीवरून माणसाचा पगार, दमणूक, दरारा ओळखता यायला लागला की पुढे मुख्यमंत्र्यांचा चेहरा अवघड जात नाही. आणि हात काढ. नवशिक्या चित्रात सगळ्यांचे हात खिशात नाहीतर पाठीमागे असतात, कारण ते काढायला कठीण. राजकारण तर सगळं हातांत आहे : जोडलेले, झटकलेले, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले.

शिक्षणाचं म्हणशील तर उपयोजित कला शिकलीस तर फायदाच होईल, छपाई आणि मांडणी कळेल. पण प्रवेश नाही मिळाला म्हणून खचू नकोस. आर. के. लक्ष्मण यांना आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, आणि याच शहरात त्यांनी पन्नास वर्षांहून जास्त काळ रोज चित्रं काढली.

मुली आहेत, कमी आहेत. 1982 मध्ये मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची 'सुकी' ही चित्रमालिका सुरू झाली. बंगळुरूच्या माया कामत यांनी दैनिकांसाठी राजकीय व्यंगचित्रं काढली आणि 2001 मध्ये त्या अकाली गेल्या. मराठी दैनिकांच्या पहिल्या पानावर बाईची सही असलेलं चित्र रोज दिसावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे. रेशनची रांग, पाणी भरायची वेळ, लोकलचा लेडीज डबा, प्रसूतिगृहाचा व्हरांडा, हे आम्ही पुरुषांनी बाहेरूनच काढलं.

नोकरीबद्दल खरं ते सांगायला हवं. कायम नोकरीवर व्यंगचित्रकार ठेवणारी वर्तमानपत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. 2019 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रं बंद केली. इतक्या श्रीमंत पेपराला एका वादग्रस्त चित्रानंतर तेच सोपं वाटलं. तेव्हा सुरुवातीची काही वर्षं पोटापाण्याला दुसरं काम हवं : पुस्तकांची चित्रं, मुखपृष्ठं, शैक्षणिक कामं. ती कमी दर्जाची समजू नकोस. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी 'गट्टू' काढला, तो कित्येक दशकं घरोघरच्या डब्यांवर होता.

तुम्ही गिरणगावातले. 1982 च्या संपाच्या काळात तुम्ही काय काढत होता? माझे वडील त्या संपात होते, म्हणून विचारतो. (एक वाचक, करी रोड)

माझेही होते. गिरणीच्या साच्याखात्यात, म्हणजे मागांवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तेव्हा मी नोकरीत कायम झालो नव्हतो, साप्ताहिकांना चित्रं द्यायचो. त्या दिवसांत सगळेच धूर नसलेली चिमणी काढत होते. आम्ही चाळीतली माणसं भोंग्यावर उठायचो. भोंगा वाजत नाही म्हणजे काय, हे त्या चिमणीत कुठेच नव्हतं.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक खाणावळ होती. गावाकडे कुटुंब ठेवून एकट्याने राहणारे गिरणी कामगार तिथे महिन्याच्या बोलीवर जेवत. बाईंची वही मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. प्रत्येक माणसाला एक पान. जेवला की एक उभी रेघ, नाही आला तर गोल काढून खाडा. पगाराच्या दिवशी सगळ्या रेघांवर एक आडवी रेघ मारली की हिशोब मिटला. फेब्रुवारीपासून उभ्या रेघा वाढत गेल्या होत्या आणि आडवी एकही नव्हती. एप्रिलच्या सुमाराला काही पानं मध्येच थांबलेली. ती माणसं कोकणात, साताऱ्याकडे निघून गेली होती. त्यांच्या पानांवर खाड्याचा गोलसुद्धा नव्हता, कारण बाईंनी त्यांची वाट बघणं सोडलं होतं.

मी ते काढलं. मंत्रालयातलं वाटाघाटींचं लांब टेबल, सरकार आणि मालक यांच्या पाट्या लावलेल्या खुर्च्या, आणि टेबलावर उघडी वही ठेवून उभी असलेली बाई. ती म्हणते, 'आधी हे मिटवा.' कामगारांसाठी खुर्ची ठेवलेली नव्हती, कारण प्रत्यक्षातही तसंच होतं. मुंबईच्या औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी करायचा अधिकार एकट्या मान्यताप्राप्त संघटनेला, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ज्या कामगार नेत्याच्या, डॉ. दत्ता सामंतांच्या, मागे कामगार गेले होते त्यांना त्या टेबलाशी जागाच नव्हती. हे कलम मला वडिलांनी समजावलं होतं, जेवताना, दोन वाक्यांत. माझ्या आयुष्यातलं राजकीय व्यंगचित्राचं शिक्षण ते.

छापून आल्यावर खाणावळवाल्या बाईंनी ते कापून भिंतीला लावलं. रेघा बरोबर आहेत का हे त्यांनी बोट ठेवून मोजलं. मी त्यांच्या वहीतल्या एका पानावरूनच उतरवल्या होत्या, त्यामुळे बरोबर होत्या.

मी नागरिकशास्त्र शिकवते. 2012 मध्ये पाठ्यपुस्तकातल्या डॉ. आंबेडकरांच्या व्यंगचित्रावरून गदारोळ झाला तेव्हा व्यंगचित्रकार म्हणून तुम्हाला काय वाटलं? आजही वर्गात हा विषय निघतो. (एक शिक्षिका, चेंबूर)

ज्यांना तो प्रसंग आठवत नसेल त्यांच्यासाठी : व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 मध्ये काढलेलं चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब चाबूक घेऊन बसलेत, मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. घटना तयार व्हायला लागलेल्या वेळेवरची टीका. मे 2012 मध्ये संसदेत गोंधळ झाला, सरकारने चित्र काढून टाकायचं जाहीर केलं, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली.

तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. ते पुस्तक मी वाचलं आहे. मुलांनी घटनेकडे प्रश्न विचारत बघावं हाच त्यामागचा हेतू होता, आणि घटना बनायला वेळ का लागला याचं उत्तर त्याच पुस्तकात दिलेलं होतं. पण व्यंगचित्रकारांपैकी काहींनी तेव्हा 'लोकांना विनोद कळत नाही' असं म्हटलं, ते मला मुळीच पटलं नाही. नेहरूंच्या हातातला चाबूक आणि त्यांच्यापुढे बसलेले बाबासाहेब ही मांडणी शंकर यांच्या टेबलावर एक राजकीय रूपक होती. ज्याच्या आजोबांनी गावात खराखुरा मार खाल्ला आहे, त्या मुलाच्या डोळ्यांना आधी चाबूक दिसतो, मग गोगलगाय. तो त्या मुलाचा दोष मानू नये. चित्र वाचणारा आपलं आयुष्य सोबत घेऊन वाचतो. 1949 मध्ये शंकर यांच्या साप्ताहिकाचा आणि इंग्रजी पेपरांचा वाचक कोण होता आणि 2012 मध्ये सरकारी शाळेच्या बाकावर कोण बसलं होतं, यातला फरक हाच आपल्या लोकशाहीने केलेला प्रवास आहे.

वर्गात विषय निघाला तर टाळू नका बाई. मुलांना आधी चित्राची तारीख सांगा. मग विचारा : यात बलवान कोण दाखवलाय, कुणावर जोर दाखवलाय, आणि आज हेच काढायचं झालं तर चाबकाऐवजी काय काढाल? माझ्या समोर कामाला आलेल्या तरुण मुलांना मी हेच विचारत असे. माणसाची जात, रंग, अपंगत्व, बाईचं शरीर यावर रेष चालवायची नाही. खुर्चीवर चालवायची, सहीवर चालवायची, दिलेल्या शब्दावर चालवायची. एवढं आवरूनही ताकद कमी होत नाही, उलट बाण नेमका लागतो.

लक्ष्मण मोठे की बाळासाहेब ठाकरे? (दादर, गिरगाव, पुणे, नागपूर, सात-आठ पत्रांत हाच प्रश्न)

दोघे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये सहकारी होते आणि ब्रिटनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मधल्या डेव्हिड लो यांच्या रेषेवर दोघांचंही प्रेम होतं. हिटलर-स्टॅलिन करारावरचं लो यांचं 1939 चं चित्र बघा, पोलंडच्या प्रेतावर वाकून दोघे हुकूमशहा टोप्या काढून एकमेकांना अभिवादन करतायत. ब्रशचा तो जाड-बारीक होत जाणारा फटका या दोघांच्या हातांत उतरला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. लक्ष्मण 'टाइम्स'मध्ये गेले, 1951 मध्ये 'यू सेड इट' सुरू झालं, आणि चौकटीच्या कोटातला, धोतर नेसलेला, कधीही न बोलणारा माणूस कोपऱ्यात उभा राहिला. ठाकरे यांनी बंधू श्रीकांत यांच्यासोबत 13 ऑगस्ट 1960 ला 'मार्मिक' काढलं. त्यातली 'रविवारची जत्रा' आम्ही मुलं वाचनालयात डोक्याला डोकं लावून बघायचो.

अर्कचित्रात ठाकरे यांच्या रेषेचा वेग मला अजूनही थक्क करतो. दोन-चार फटक्यांत माणूस उभा. पण ती रेष पुढे एका संघटनेच्या कामाला लागली, आणि स्वतःच्या बाजूलाही तपासून बघायची मोकळीक मग उरत नाही. लक्ष्मण यांनी ती शेवटपर्यंत राखली. रोजच्या वर्तमानपत्राच्या व्यंगचित्रकाराचा आदर्श कोण, असा प्रश्न असेल तर माझं उत्तर लक्ष्मण. त्यांची पार्श्वभूमीही बघा : फायलींचे ढीग, मोडका पंखा, भिंतीला गेलेला तडा, खिडकीतला कावळा. अख्खं सरकारी मुंबई शहर तिथे आहे.

26 जुलैच्या पुरासारख्या दिवशी व्यंगचित्रकाराने काय करावं? सुट्टी घ्यावी का? (एक वाचक, कलिना)

नाही. 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, शहरात माणसं वाहून गेली, गाड्यांत गुदमरली. असा दिवस आला की चित्र दोन टप्प्यांत करावं. पहिल्या दिवशी फक्त शोक, किंवा माणसांनी एकमेकांना दिलेला हात. कुणावरही टीका करायची नाही, कारण घरचं माणूस अजून परतलेलं नसतं. केनेडींची हत्या झाली तेव्हा अमेरिकेत बिल मॉल्डिन यांनी लिंकन यांचा पुतळा दोन्ही हातांत तोंड लपवून बसलेला दाखवला. एक शब्द नाही. आजही त्या दिवसाचं तेच चित्र आठवतं.

मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि ते नावानिशी. मिठी नदीत भराव कुणी टाकला, खारफुटी कुणाच्या सहीने तुटली, नालेसफाईची बिलं कुणी मंजूर केली. 'मुंबईकरांचं स्पिरिट' हा शब्द त्या आठवड्यात इतका वापरला गेला की मी तो चित्रात येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. पायी चालत घरी पोचलेल्या माणसाचं कौतुक करून नाल्याचा हिशोब मिटत नाही.

तुमचं चित्र कधी नाकारलं गेलं का? आणि भीती? (अनेक वाचक)

नाकारलं गेलं, प्रत्येकाचं जातं. संपादकाने कारण सांगितलं तर मी ते ऐकायचो, वाद घालायचो, कधी दुसरं काढायचो. कारण न सांगता चित्र गायब झालं तर मात्र त्या रात्री जागा कोरी सोडा म्हणायचो. ही मागणी नेहमीच मान्य झाली असं नाही.

भीतीचा विचार करताना मला आणीबाणीची दोन उदाहरणं आठवतात. डिसेंबर 1975 मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं चित्र आलं : राष्ट्रपती बाथटबमध्ये बसूनच वटहुकमावर सही करतायत आणि आणखी असतील तर जरा थांबायला सांगा म्हणतायत. सेन्सॉर असताना ते छापून आलं. त्याच वर्षी शंकर यांनी मात्र 'शंकर्स वीकली' बंद केलं. हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, असं निरोपाच्या अंकात लिहून. मला दोघेही तितकेच धीट वाटतात.

कायद्याचं विचाराल तर 2012 मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची जामिनावर सुटका केली आणि 2015 च्या निकालात स्पष्ट केलं की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका, मग ती चित्रातून असली तरी, राजद्रोह ठरत नाही. तरुण चित्रकारांनी तो निकाल वाचून ठेवावा.

माझी व्यंगचित्रं लोक सही कापून व्हॉट्सअॅपवर फिरवतात. एका पेपरात मी नोकरीला होतो, तिथली चित्रं पुस्तकात घ्यायची तर हक्क कुणाचा? (एक व्यंगचित्रकार, डोंबिवली)

हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं, कारण आपल्यातल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 बघा. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना वर्तमानपत्रासाठी काढलेल्या चित्राचा पहिला हक्क मालकाचा, पण तो वर्तमानपत्र किंवा नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सर्व बाबतींत, म्हणजे पुस्तक, प्रदर्शन, कॅलेंडर, पहिला हक्क चित्रकाराचा. अर्थात वेगळा करार केला नसेल तर. त्यामुळे नेमणूकपत्र काढून वाचा, आणि नवीन नोकरी धरणाऱ्यांनी सही करण्याआधी वाचा. हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. कलम 57 प्रमाणे चित्राचा कर्ता म्हणून नाव लागण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा हक्क तुमचाच राहतो, कॉपीराइट विकला तरीही.

व्यवहारात : सही कोपऱ्यात टाकू नका. टेबलाच्या पायाशी, खुर्चीच्या कडेला, माणसाच्या सावलीत अशी घाला की ती कापताना चित्रच तुटेल. मूळ फाइल जपून ठेवा.

आजोबांनी आयुष्यभर व्यंगचित्रांची कात्रणं जमवली. ते गेले. कात्रणं पिवळी पडून तुटायला लागली आहेत. टाकवत नाहीत. काय करू? (एक वाचक, विलेपार्ले)

टाकू तर अजिबात नका. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, ऊन आणि दमट हवा लागली की तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. मुंबईत दोन्ही आहेत. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हींमुळे पुढे जास्त नुकसान होतं. डिंकाने वहीत चिकटवलेली असतील तर ओढून काढू नका, पान तसंच ठेवा. आधी प्रत्येकाचं 600 डीपीआयवर स्कॅन करा, रंगीत मोडवर, चित्र काळं-पांढरं असलं तरी. मग आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवी, एकावर एक फार न रचता, कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून बदला.

चित्राच्या मागच्या बाजूला छापलेला मजकूरही स्कॅन करा. तिथल्या अर्धवट बातमीवरून, सिनेमाच्या जाहिरातीवरून तारीख शोधता येते. फाइलचं नाव देताना तारीख, पेपर, चित्रकार हा क्रम ठेवा. तारीख सापडलीच नाही तर निदान साल लिहा, आणि चित्रातली माणसं कोण हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून घ्या. माझी काही चित्रं त्यात निघाली तर त्यांची प्रत मला हवी आहे, मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. ब्लॉकच्या काळातली माझी मूळ चित्रं ऑफिसातून परत मिळालेली नाहीत.